पोलादाचें पाणी आणि क्षणाचा आघात

मनुष्य पाणीदार असतो, शत्रु दुसऱ्याचें पाणी जोखतो, आणि प्रसंग आला म्हणजे प्रत्येकाला आपलें पाणी दाखवावें लागतें. मराठी माणूस असें बोलतो तेव्हां त्याच्या मनांत मोत्याच्या तेजाबरोबर तरवारीची धारही असते. पातें लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडविलें कीं तें कठीण होतें, ही गोष्ट खेड्यांतील लहान मुलासही ठाऊक असते. या क्रियेला लोहार ‘पाणी देणें’ म्हणतात. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत खड्गलक्षणाचें एक स्वतंत्र प्रकरण घातलें असून, कोणत्या हेतूनें शस्त्राला कोणत्या द्रवाचें पान द्यावें याची यादीच तेथें दिली आहे. रक्त, तूप, घोडीचें दूध, केळीच्या क्षारासह ताक, असे नाना द्रव तींत येतात. त्यांतील समजुतीचा भाग सोडून दिला तरी एक तत्त्व शिल्लक राहतें : धातु तोच असतां केवळ तापविण्याच्या व निवविण्याच्या रीतीनें त्याचा स्वभाव पालटतो.

हें तत्त्व जुनें आहे. परंतु त्यापुढचा एक प्रश्न बराच अलीकडचा आहे. पाणी दिलेलें पोलाद हळूहळू वाढणाऱ्या भारापुढें कसें टिकतें, हें यंत्रशाळेंत मोजतां येतें. सळईचीं दोन्ही टोकें पकडून ती सावकाश ताणली म्हणजे किती भाराला ती लांबते व किती भाराला तुटते, याचा आंकडा हातीं येतो. पण तोच भार सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत येऊन आदळला तर? तोफेच्या नळींत दारू पेटते, गोळा चिलखतावर आपटतो, किंवा भरधाव मोटार भिंतीवर धडकते, त्या वेळीं सावकाश मोजलेला आंकडा खरा ठरतो काय? या प्रश्नाचा उलगडा होण्यास जवळजवळ एक शतक लागलें, आणि त्यापायीं पुष्कळ तोफा, जहाजें व माणसें खर्चीं पडलीं.

या इतिहासाचा पहिला अंक रशियांत घडला. सेंट पीटर्सबर्ग येथें १८६३ मध्यें ओबुखोव्ह पोलाद-कारखाना निघाला. कांशाच्या व ओतीव लोखंडाच्या तोफांचा काळ सरत आला होता, व पोलादी तोफांवर सर्व राष्ट्रांची दृष्टि लागली होती. पण या कारखान्यांत एक चमत्कारिक संकट उभें राहिलें. कांहीं तोफा उत्तम निघत, आणि त्याच प्रकारच्या मालाच्या कांहीं तोफा पहिल्या थोड्याशा बारांतच फुटत. रसायनशास्त्र्यांना दोन्हींच्या घटकांत म्हणण्यासारखा फरक सांपडेना. दिमित्री चेर्नोव्ह नांवाच्या तरुण अभियंत्यानें फुटलेल्या तोफांचे तुकडे पाहिले. फुटक्या तुकड्यांचा कण जाडाभरडा होता; टिकाऊ तोफांचा कण बारीक होता. मग तो भट्टीजवळ उभा राहून घडणीचें काम पाहूं लागला. उच्च तापमान मोजण्याचें भरंवशाचें साधन तेव्हां नव्हतें. तापल्या पोलादाचा रंग पाहणें एवढेंच हातीं होतें. त्या रंगावरून त्यानें ताडलें कीं, गडद चेरीसारख्या लाल रंगाजवळ पोलादाच्या अंतरंगांत कांहीं तरी निश्चित घडतें. त्या खुणेच्या खालीं पोलाद कितीही झपाट्यानें थंड केलें तरी तें कठीण होत नाहीं. त्याहून वरची दुसरी एक खूण त्यानें शोधिली. तिच्यापर्यंत तापविल्यावर जाडाभरडा कण मोडून बारीक होतो. १८६८ मध्यें रशियन टेक्निकल सोसायटीपुढें त्यानें हे निष्कर्ष मांडले, तेव्हां तो अठ्ठावीस वर्षांचा होता. तोफ फुटण्याचें कारण तिच्या मालांत नव्हतें. तें तिच्या तापण्या-निवण्याच्या चरित्रांत होतें.

पुढें सूक्ष्मदर्शकानें चेर्नोव्हच्या नजरेला दुजोरा दिला. पोलाद म्हणजे लोखंड व थोडासा कर्ब. सुमारें ७२७ अंश सेंटिग्रेडच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलूं लागते, व त्या नव्या मांडणींत कर्ब विरघळून जातो. तें पोलाद सावकाश निवालें तर कर्ब हळूहळू बाहेर पडून आपली जागा घेतो, व धातु मऊ राहतो. तेंच एकदम थंड केलें तर कर्बाला बाहेर पडण्यास अवधि मिळत नाहीं. तो अणूंच्या मध्यें कोंडून राहतो, आणि ती सगळी मांडणी ताणलेल्या धनुष्यासारखी तटतटून जाते. या कठीण अवस्थेला जर्मन संशोधक आडोल्फ मार्टेन्स याच्या स्मरणार्थ मार्टेन्साइट असें नांव मिळालें. मार्टेन्साइट अतिशय कठीण, पण तितकेंच ठिसूळ. म्हणून पाणी दिलेलें पोलाद पुन्हा दोनशें ते सहाशें अंशांपर्यंत बेतानें तापवितात. त्यामुळें थोडासा कठीणपणा जातो व त्याच्या मोबदल्यांत चिवटपणा येतो. किती द्यावें व किती घ्यावें, हा सौदाच पोलादाच्या उष्णसंस्काराचें सार होय.

हा सौदा किती बिकट आहे, याचा अनुभव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आरमारांना आला. इटलींतील स्पेझिया येथें १८७६ मध्यें नव्या युद्धनौकांसाठीं चिलखती तक्त्यांची परीक्षा झाली. शंभर टनी तोफेच्या गोळ्यानें लोखंडी तक्ते आरपार फोडले. फ्रान्सच्या श्नायडर कारखान्याच्या बावीस इंच जाडीच्या पोलादी तक्त्यानें गोळा अडविला खरा, पण त्या प्रयत्नांत तो स्वतः तडकून फुटला. एकाला भोंक पडतें, दुसऱ्याचे तुकडे होतात. आतां निवड कशाची करावी? इंग्लंडमधील कारखानदारांनीं तोंड पोलादाचें व पाठ लोखंडाची असा जोड-तक्ता काढला. १८९० मध्यें अमेरिकेंतील ॲनापोलिस येथें झालेल्या परीक्षेंत त्या जोड-तक्त्याची वाताहत झाली, आणि थोडें निकेल मिसळलेलें श्नायडरचें पोलाद मात्र तडा न जातां उभें राहिलें.

त्याच सुमारास हेवर्ड ऑगस्टस हार्वे या अमेरिकन गृहस्थानें निराळा मार्ग दाखविला. दोन धातु जोडण्याऐवजीं त्यानें एकाच तक्त्याच्या तोंडाला कोळशाच्या सान्निध्यांत कित्येक दिवस तापवून जास्त कर्ब पाजला, व मग त्याला पाणी दिलें. तोंड कांचेसारखें कठीण, पाठ पूर्वीसारखीच चिवट, आणि मध्यें सांधा कोठेंच नाहीं. जर्मनींतील क्रुप कारखान्यानें निकेलच्या जोडीला क्रोमियम घातलें, आणि तक्त्याचें तोंड भडक तापवून पाठ थंड ठेवण्याची युक्ति योजिली. पाणी सोडलें म्हणजे तोंडापासून पाठीकडे कठीणपणा पायरीपायरीनें उतरत जाई. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोठ्या आरमारांनीं याच पद्धतीचा अंगीकार केला.

चिलखत कठीण झालें, तेव्हां कठीण गोळ्याचें नाक त्यावर आपटून चुरा होऊं लागलें. यावर रशियन सेनापति स्टेपान मकारोव्ह यानें सुचविलेला उपाय वरवर पाहतां हास्यास्पद होता. त्यानें कठीण गोळ्याच्या नाकावर मऊ लोखंडाची टोपी बसविली. मऊ टोपीनें कठीण चिलखत कसें फुटणार, अशी शंका कोणासही येईल. पण आघाताच्या पहिल्या क्षणीं ती टोपी स्वतः चेपून घेते, गोळ्याच्या टोंकाला भोंवतालून आवळून धरते, आणि सर्वांत भयंकर असा पहिला धक्का त्याच्यापर्यंत थेट पोहोंचूं देत नाहीं. तेवढा निमिष निभावला कीं पुढचें काम कठीण टोंक करतें. सावकाश दाबून पाहणाऱ्या यंत्रावर या टोपीचा उपयोग कधींच कळला नसता.

काळाची ही बाब दुर्लक्षिली तर काय होतें, हें जटलंडच्या लढाईंत दिसून आलें. ३१ मे १९१६ रोजीं उत्तर समुद्रांत इंग्रजी व जर्मन आरमारें समोरासमोर आलीं. इंग्रजी गोळे लक्ष्यावर बसले, तरी त्यांतील पुष्कळ गोळे जाड चिलखताच्या आंत शिरण्यापूर्वींच फुटले किंवा त्यांचे तुकडे झाले. त्यांत भरलेला लिडाइट हा स्फोटक पदार्थ नुसत्या धक्क्यानें उडे, हें एक कारण; आणि तिरप्या आघाताला गोळ्याचें ठिसूळ पोलाद टिकत नसे, हें दुसरें. परीक्षेच्या मैदानावर हे गोळे तक्त्यावर सरळ, काटकोनांत मारून पाहिले जात, आणि तेथें ते उत्तीर्ण होत. समुद्रावर मात्र कित्येक मैलांवरून आलेला गोळा तिरपाच पडतो. तिरप्या आघातांत नाक एकीकडे अडकतें, धड दुसरीकडे लोटलें जातें, आणि गोळा काठीसारखा मोडतो. विशेष हें कीं, १९१० मध्यें जेलिको यांनींच तिरप्या आघाताला टिकणारे गोळे तयार करावे अशी मागणी केली होती. ते त्या जागेवरून गेले व मागणी मागें पडली. सहा वर्षांनीं त्याच जेलिकोंना सरसेनापति म्हणून त्या जुन्याच गोळ्यांनिशीं लढावें लागलें. नवे गोळे तिरप्या परीक्षेंतून पार पाडून आरमाराच्या हातीं पडावयास १९१८ साल उजाडलें. त्यांच्या पोलादांत, टोपींत व आंतील स्फोटकांत, तिन्हींत सुधारणा केलेली होती. त्यांच्या हिरव्या रंगावरून खलाशी त्यांना ‘हिरवे पोर’ म्हणत.

उष्णसंस्काराचा नियम सर्वत्र एकसारखा नाहीं, याचेंही एक उदाहरण त्याच युद्धानें दिलें. शेफील्डचे रॉबर्ट हॅडफील्ड यांनीं १८८२ मध्यें सुमारें बारा-तेरा टक्के मँगेनीज असलेलें एक पोलाद शोधून काढलें होतें. हें पोलाद भडक तापवून पाण्यांत बुडविलें तर इतर पोलादाप्रमाणें ठिसूळ न होतां उलट चिवट होतें. त्याहून नवल असें कीं, त्यावर जसजसे आघात होतात तसतसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. रुळांचे सांधे व दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे यांसाठीं तें वापरांत आलें होतें. १९१५ मध्यें जॉन ब्रॉडी यांच्या शिरस्त्राणाला हेंच पोलाद लावण्यांत आलें. खंदकांतील शिपायांचा घात बहुधा वरून उडणाऱ्या गोळ्यांच्या किरचांनीं होई. त्या किरचांच्या आघातानें हें पातळ शिरस्त्राण खोल चेपे, पण सहसा फाटत नसे, आणि त्या चेपण्यांतच शिपायाचा जीव वांचे.

कारखाने व रणांगणें असा अनुभव जमवीत असतां, आघाताचें शास्त्र एका बापलेकांच्या हातून आकार घेत होतें. मँचेस्टरचे जॉन हॉपकिन्सन यांनीं १८७२ मध्यें एक साधा प्रयोग केला. लोखंडी तार उभी टांगून तिच्या खालच्या टोंकाला अडसर बसविला, आणि तारेवरून ओंवलेलें वजन उंचावरून त्या अडसरावर सोडलें. वजन जड असेल तर तार लवकर तुटेल, असें कोणीही म्हणेल. परंतु तार तुटणें वजनाच्या जडपणावर फारसें अवलंबून नव्हतें. तें वजन किती उंचीवरून, म्हणजे किती वेगानें, आलें यावर अवलंबून होतें. शिवाय तार पुष्कळदां धक्का बसलेल्या खालच्या टोंकाशीं न तुटतां वरच्या बांधलेल्या टोंकाशीं तुटे. याचा अर्थ असा कीं, धक्का तारेंतून लाटेसारखा वर चढतो आणि बांधलेल्या टोंकावर आपटून दुप्पट होतो. पोलादांत ही लाट सेकंदाला सुमारें पांच हजार मीटर वेगानें धांवते.

१८९८ च्या ऑगस्टमध्यें स्वित्झर्लंडमध्यें डोंगर चढतांना झालेल्या अपघातांत जॉन हॉपकिन्सन, त्यांचा एक मुलगा व दोन मुली मरण पावल्या. वडील मुलगा बर्ट्राम यानें कायद्याचा अभ्यास केला होता. त्यानें वकिली सोडून वडिलांचा मार्ग धरिला, व १९०३ मध्यें तो केंब्रिज येथें यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. वडिलांचा तारेचा प्रयोग त्यानें अधिक काटेकोरपणें पुन्हा केला, आणि १९०५ मध्यें असें दाखविलें कीं, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापुरता भार असेल तर तार आपल्या नेहमींच्या मर्यादेहून, किंबहुना सावकाश तुटण्याच्या भाराहूनही अधिक ताण सोसून पुन्हा मूळ स्थितीवर येते. म्हणजे धातूला वांकावयासही वेळ लागतो. पुढें १९१४ मध्यें त्यानें आघात मोजण्याची एक सुंदर युक्ति प्रसिद्ध केली. लांब पोलादी दांडीच्या एका टोंकावर गोळी आदळते, अथवा स्फोट होतो. दुसऱ्या टोंकाला तसलाच एक आंखूड तुकडा हलकेच चिकटविलेला असतो. लाट तेथें पोहोंचली कीं तुकडा उडून जातो आणि आपल्याबरोबर लाटेचा तेवढा भाग घेऊन जातो. निरनिराळ्या लांबीचे तुकडे लावून पाहिले म्हणजे आघात किती मोठा व किती काळाचा होता, हें कळतें. महायुद्धांत बर्ट्राम हॉपकिन्सन विमानविद्येच्या कामास लागला, स्वतः विमान चालविण्यास शिकला, आणि १९१८ च्या ऑगस्टमध्यें वाईट हवेंत विमान पडून मरण पावला. वडिलांच्या मृत्यूला तेव्हां वीस वर्षें होत होतीं.

त्याची दांडी मात्र टिकली. १९४९ मध्यें हर्बर्ट कोल्स्की यानें अशा दोन दांड्या समोरासमोर ठेवून मध्यें परीक्ष्य पदार्थाची चकती धरली. एका दांडीतून आलेली लाट चकतीला चेपते; कांहीं भाग परत फिरतो, कांहीं दुसऱ्या दांडीत जातो. या दोहोंच्या नोंदीवरून चकती किती वेगानें व किती भारानें चेपली हें काढतां येतें. आजही जगांतील प्रयोगशाळांत पोलादाची शीघ्र परीक्षा बहुधा याच पद्धतीनें होते. त्याच सुमारास, १९४८ मध्यें, जी. आय. टेलर यांनीं युद्धकाळांतील आपलें काम प्रसिद्ध केलें. पोलादाचा चपट्या टोंकाचा लहान दंडगोल कठीण तक्त्यावर झाडावा, आणि त्याचें टोंक किती पसरलें तें मोजून त्या क्षणींचें त्याचें बळ काढावें, अशी ती रीत होती. व्हिफिन यांनीं याच रीतीनें अनेक धातूंचे दंडगोल झाडून पाहिले, आणि त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. मऊ पोलादाचें बळ शीघ्र आघातांत सावकाश भारापेक्षां कितीतरी वाढतें. पण जें उष्णसंस्कारानें आधींच बलवान झालें आहे, त्याच्या बळांत प्रमाणानें फारच थोडी भर पडते. गरिबाला आघाताच्या घाईनें उसनें बळ मिळतें; श्रीमंताला आपल्याच पुंजीवर भागवावें लागतें.

बलवान पोलादाची दुसरी अडचण याहून गंभीर आहे. फ्रान्समधील आंरी त्रेस्का यांनीं १८७८ मध्यें एक निरीक्षण नमूद केलें होतें. प्लॅटिनम-इरिडियमची दांडी वाफेच्या घणाखालीं घडवीत असतां, तिची लाली नुकतीच मावळली होती, इतक्यांत घणाच्या ठोक्यासरशीं तिच्या अंगावर फुलीच्या आकाराच्या लाल तेजस्वी रेषा उमटल्या. ठोक्यांतील शक्ति त्या रेषांवर उष्णतेच्या रूपानें प्रकट झाली होती. धातु चेपतांना खर्च होणाऱ्या शक्तीपैकीं सुमारें नऊ दशांश उष्णता होते, हें पुढें सिद्ध झालें. सावकाश चेपलें तर ही उष्णता आजूबाजूस पसरून जाते. आघात शीघ्र असला म्हणजे तिला पसरण्यास वेळच मिळत नाहीं; ती जेथें उपजली तेथेंच कोंडते. १९४४ मध्यें अमेरिकेंतील वॉटरटाउन शस्त्रागारांत क्लॅरेन्स झेनर व जॉन हॉलोमन यांनीं पोलादी तक्त्यांत झपाट्यानें भोंक पाडून पाहिलें, तेव्हां मिलिमीटरच्या सुमारें तिसाव्या हिश्शाइतका रुंद असा एक पांढरा पट्टा त्यांना आढळला. सारें सरकणें त्या एवढ्याशा पट्ट्यांत एकवटलें होतें. तेथील पोलाद क्षणांत लालभडक तापलें, आणि भोंवतालच्या थंड धातूनें त्याची उष्णता तितक्याच त्वरेनें ओढून घेतली. लोहार भट्टी व पाणी यांनीं जें करतो, तेंच त्या आघातानें एका केसाएवढ्या जागेंत करून टाकलें होतें.

असा पट्टा कां पडतो, याचें त्यांनीं दिलेलें स्पष्टीकरण आजही मान्य आहे. धातु चेपला म्हणजे एका बाजूनें तो कठीण होत जातो व दुसऱ्या बाजूनें उष्णतेनें मऊ होत जातो. कठीण होण्याचा वेग अधिक असेल तोंवर चेपणें सर्व अंगांत सारखें पसरतें. मऊ होण्याचा वेग वरचढ झाला कीं, जी जागा आधीं मऊ पडली तेथेंच पुढचें सरकणें होतें, ती अधिक तापते व अधिक मऊ पडते. आतां थोड्याच पुनस्तापनानें अतिशय कठीण ठेवलेल्या पोलादांत दोन उणिवा असतात : त्याला चेपावयास शक्ति फार लागते, म्हणून उष्णता फार उपजते, आणि आणखी कठीण होण्याचें सामर्थ्य त्यांत थोडेंच उरलेलें असतें. त्यामुळें निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम घातलेलें एकच पोलाद दोनशें अंशांवर पुनस्तापित केलें तर शीघ्र आघातांत लवकर पट्टा धरतें, आणि सहाशें अंशांवर केलें तर बळ कमी असूनही पुष्कळ अधिक चेपणें सोसतें. सावकाश भाराच्या परीक्षेंत पहिला क्रमांक पटकावणारा नमुना आघाताच्या परीक्षेंत मागें पडूं शकतो, तो असा.

या विद्येचा धागा हिंदुस्थानांतही आला आहे. दुसऱ्या महायुद्धांत जमशेटपूरच्या टाटा कारखान्यानें चिलखती पत्रे लाटले, आणि ते बसविलेल्या गाड्यांना फौजेंत ‘टाटानगर’ हेंच नांव पडलें. २०२२ मध्यें आरमारांत दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचें पोलादही देशांतच तयार झालें. हैदराबादच्या संरक्षण-धातुशाळेच्या साहाय्यानें तें विकसित करण्यांत आलें होतें.

परंतु सामान्य कुटुंबाशीं या शास्त्राचा संबंध येतो तो मोटारींतून. स्वीडनमध्यें १९७७ सालीं एक पेटंट निघालें, तें अत्यल्प बोरॉन असलेलें पोलाद नऊशें अंशांच्या पुढें तापवून, लाल असतांनाच सांच्यांत दाबून, त्या थंड सांच्यांतच त्याला पाणी दिल्यासारखें कठीण करण्याचें. १९८४ मध्यें साब मोटारींत तें प्रथम आलें. असल्या पत्र्याला दर चौरस मिलिमीटरला सुमारें दीडशें किलोग्रॅम भार सोसतो. साध्या पत्र्याच्या तिपटीहून हें अधिक आहे. मोटारीच्या दोन दारांमधील खांब आतां बहुधा अशा पोलादाचा करतात. आणि तेथेंही कित्येक कारखाने खांबाचा वरचा भाग, जेथें माणसाचें डोकें व छाती येते, तो पूर्ण कठीण ठेवून, खालचा भाग मुद्दाम सावकाश निववितात, म्हणजे धडक बसतांच तो खालीं चेपेल आणि आघाताची शक्ति तेथेंच जिरेल. हार्वे व क्रुप यांनीं युद्धनौकेसाठीं एकाच तक्त्यांत कठीण व चिवट यांचा संसार थाटला होता. तोच आतां घरच्या गाडींत नांदतो आहे.

जटलंडच्या गोळ्यांनीं आपली परीक्षा दिली होती, आणि ते तींत उत्तीर्णही झाले होते. परंतु ती परीक्षाच खोटी होती. म्हणून आज नव्या पोलादाची मोटार बाजारांत येण्यापूर्वीं ती खरोखरीच्या वेगानें, समोरून, बाजूनें व तिरपी अशी भिंतीवर आदळून पाहतात. त्या वेळीं गाडींत पुतळा बसविलेला असतो. समुद्रावर तो प्रश्न जिवंत खलाशांना विचारला गेला होता.